बाळंतिणीचं रक्त मोजणारी बेळगावची पिशवी

बाळ रडलं, वार पडली, की बाळंतपण सुखरूप पार पडलं असं घरची माणसं धरून चालतात. डॉक्टरांच्या लेखी मात्र धोक्याचा तास तिथून सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात, आणि ती बंद करण्याचं काम गर्भाशयाच्या स्नायूंचं. आडवेतिडवे विणलेले हे तंतू आवळले जातात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या वाहिन्या चिमटल्या जातात. गर्भाशय सैल राहिलं तर धडधाकट बाईही दोनेक तासांत दगावू शकते.

स्नायू आवळायला लावणारं औषध आहे, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. अडचण अशी की ते फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला हात हवा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विजेच्या भरवशावर औषध ठेवणं म्हणजे काय हे सांगायला नको.

म्हणून बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक रिचर्ड डर्मन यांनी एका गोळीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. मिसोप्रोस्टॉल ही मुळात पोटातल्या अल्सरवरची गोळी. ती गर्भाशयही आवळते, आणि तिला फ्रिज लागत नाही. 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 1,620 बाळंतिणींवर हा अभ्यास झाला. गोळी द्यायच्या त्या गावातल्या नर्सबाई. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजणं आणि ताप हा त्रास मात्र बऱ्याच जणींना झाला. 2006 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. ऑक्सिटोसिन उपयोगी पडतं हे ठाऊक असताना निम्म्या बायकांना नुसती खोटी गोळी देणं बरोबर का? संशोधकांची बाजू अशी की त्या गावांत तेव्हा कोणालाच काही मिळत नव्हतं. हे उत्तर खोटं नाही, पण मला ते पुरतंही नाही. ‘तिथे काही मिळत नाही’ हे प्रयोगाचं कारण होतं तसंच सरकारचं अपयशही होतं. दुसरा आक्षेप गोळीच्या गैरवापराचा. हीच गोळी गर्भपातासाठीही वापरतात, आणि बाळ बाहेर यायच्या आधी, किंवा जुळ्यांतलं दुसरं पोटात असताना ती दिली तर घात होऊ शकतो. तिसरा आक्षेप 2012 मध्ये जोरात मांडला गेला: प्रशिक्षित नर्सच्या हातून मिळालेल्या गुणावरून, घरी कोणीही गोळी दिली तरी तोच गुण येईल असं कसं मानायचं?

या गदारोळात त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मागे पडली. माझ्या मते तीच जास्त मोलाची. रक्त किती गेलं हे ठरवायचं कसं? कापडात, चादरीत मुरलेलं, गर्भजलात मिसळलेलं रक्त नजरेच्या अंदाजाने सांगताना अनुभवी डॉक्टरही चुकतात. बेळगावच्या चमूने त्यासाठी प्लास्टिकचं एक साधं आच्छादन बनवलं. बाळ झालं की ते बाळंतिणीच्या कुल्ल्यांखाली सरकवायचं, कमरेला बांधायचं. खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. नजरेचा अंदाज आणि पिशवीचं माप ताडून पाहिलं तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. म्हणजे ‘थोडंच गेलं, जायचंच असतं’ असं म्हणेपर्यंत अर्धा लिटर कधीच गेलेलं असू शकतं.

खुणांच्या पिशवीची कल्पना पुढे आफ्रिकेत सिद्ध झाली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेला ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पिशवीने मोजायचं आणि धोका दिसताच गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन हे सगळं एकदमच सुरू करायचं, एकेक करून वाट बघत बसायचं नाही. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या जेमतेम निम्म्या केसेस ओळखल्या जात होत्या. या पद्धतीत 93 टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आलं.

आता वाद आकड्याचा आहे. अर्धा लिटर ही जुनी रेषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या नव्या मार्गदर्शक सूचना सांगतात की 300 मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तर थांबू नका. याने गरज नसलेल्या बायकांनाही औषधं मिळतील, अशी काहींची तक्रार आहे. आपल्याकडे मला ती फारशी पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन सात असलेल्या बाईचं अर्धा लिटर आणि बारा असलेलीचं अर्धा लिटर पिशवीत सारखंच दिसतं. पहिली मात्र तेवढ्यानेच कोसळू शकते.