सगळे शून्यच दिसतायत? मग कर्नल बरोबर आहे

दिवाळीच्या सुट्टीत भाचा अमळनेरहून आमच्याकडे भुसावळला आला होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लॅपटॉपवर नुकतंच लिनक्स टाकलंय त्यामुळे सध्या त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही. मांडीवर फराळाची ताटली, समोर पाटावर लॅपटॉप, आणि तिथूनच हाक, "मामा, हाई काय शे? बठ्ठा शून्यच शेतस!" जाऊन बघितलं तर पठ्ठ्याने प्रॉक फोल्डरमधली कॅलसिम्स नावाची फाईल उघडलेली. या फाईलीत कर्नलमधल्या एकूण एक फंक्शनचं नाव आणि ते मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसलंय ते असतं. नावं सगळी होती, एकाखाली एक, हजारोंनी, पण डावीकडे पत्त्याच्या जागी प्रत्येक ओळीत सोळा शून्यं. इन्स्टॉल गंडलं असं समजून साहेब पेन ड्राइव्ह शोधायला उठले होते.

मी म्हटलं बस, चकली खा. गंडलेलं काही नाही. तू साधा यूजर आहेस म्हणून कर्नल तुला पत्ते सांगत नाहीये, आणि त्याने सांगू नये म्हणून लोकांनी काही वर्षं डोकं घातलंय. हा विषय माझ्या फार आवडीचा, त्यामुळे त्याची चकली संपली तरी माझं संपलं नाही, आणि जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, फाईल कोण वाचणार, कुठलं अ‍ॅप कधी चालणार, सगळं त्याच्या हातात. तुमचा अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटातसुद्धा लिनक्सचाच कर्नल आहे, म्हणजे हा विषय काही फक्त कॉम्प्युटरवाल्या पोरांचा नाही.

आता प्रश्न असा की पत्ता कळला तर बिघडलं काय, तो काय पासवर्ड आहे? भाच्यानेही हेच विचारलं. तर गंमत अशी आहे की आजकाल हल्ला करणाऱ्याला कर्नलमध्ये स्वतःचा कोड घुसवून चालवणं जवळपास बंद झालंय, प्रोसेसरच अडवतो. मग तो काय करतो, कर्नलमध्ये आधीपासून असलेलाच कोड वापरतो. म्हणजे चोराने हत्यार सोबत आणायचं नाही, घरातलीच विळी वापरायची. 'या चालू प्रोग्रामला अमुक अधिकार दे' असं करणारं फंक्शन कर्नलमध्ये असतंच, कुठल्यातरी बगचा फायदा घेऊन कर्नलला तिकडे उडी मारायला लावलं की काम झालं. पण उडी मारायची तर विळी कुठल्या फळीवर आहे ते माहीत हवं. तो पत्ता.

पूर्वी हा पत्ता ठरलेला असायचा. एकाच कंपनीचा एकाच व्हर्जनचा कर्नल जगात लाखो मशीनवर, सगळीकडे तेच फंक्शन त्याच पत्त्यावर. म्हणून २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ मध्ये केएएसएलआर आलं, म्हणजे कर्नल अ‍ॅड्रेस स्पेस लेआउट रँडमायझेशन, आणि २०१७ मध्ये ४.१२ पासून ते डीफॉल्ट चालू झालं. नाव लांबलचक आहे, काम सोपं आहे. मशीन चालू होताना कर्नल दर वेळी वेगळ्या जागी सरकवून ठेवायचा.

भुसावळ स्टेशनवर गाडी येते ती समजा प्लॅटफॉर्मवर दर वेळी थोडी पुढेमागे थांबते. आपला डबा नेमका कुठे येईल सांगता येत नाही. पण एकदा एस ४ केळीवालीच्या टोपलीसमोर थांबलेला दिसला की संपलं, डब्यांचा क्रम ठरलेला, प्रत्येकाची लांबी ठरलेली, एस ७ कुठे, पॅन्ट्री कुठे, इंजिन कुठे, सगळं नुसतं चालत मोजून सांगता येतं. केएएसएलआर गाडी सरकवतं, डबे विस्कटत नाही. अख्खा कर्नल एकाच अंतराने सरकतो. म्हणजे कर्नलच्या कोडमधला फक्त एक पत्ता, तोही अगदी बिनमहत्त्वाच्या फंक्शनचा, बाहेर फुटला तरी वजाबाकी करून बाकी हजारो मिळतात.

आणि सरकायला जागाही फार नाही बरं का. नेहमीच्या ६४ बिट इंटेल, एएमडी मशीनवर कर्नलचा कोड १ जीबीच्या पट्ट्यात कुठेतरी बसतो आणि २ एमबीच्या उड्या मारतच बसतो, मधे कुठेही नाही. १०२४ भागिले २, म्हणजे जास्तीत जास्त ५१२ जागा. नऊ वेळा नाणं उडवलं एवढाच तो अंदाज. तरी तो उपयोगी पडतो कारण कर्नलमध्ये चुकीच्या पत्त्यावर उडी मारली की बहुतेक वेळा मशीनच झोपतं, ५११ वेळा चुकून बघायची सोय नसते. थोडक्यात सगळी भिस्त पत्ता न फुटण्यावर.

आणि कर्नल तर पत्ते फोडत सुटला होता! कर्नल लिहिणारे लोक बग शोधण्यासाठी लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, पॉइंटर म्हणजे मेमरीतले पत्ते छापतात, त्यासाठी 'पर्सेंट पी' अशी खूण वापरतात. २०१७ मध्ये कर्नलच्या कोडमध्ये अशा जागा होत्या सुमारे १४ हजार. त्याच्या आधी २०११ मध्ये 'पर्सेंट पी के' नावाची वेगळी खूण आणली होती, ती वापरली की साध्या यूजरला पत्ता लपवता येतो. पण ज्याला आठवलं त्याने वापरली, बाकीच्यांनी नाही. सुरक्षेची गोष्ट माणसाच्या आठवणीवर सोडली की असंच होतं, गॅसची टाकी बंद केली का हे आमच्या घरात रोज रात्री तीन जण विचारतात.

शेवटी ठरलं की साध्या पर्सेंट पी चाच अर्थ बदलायचा. आता इथे मला जे सगळ्यात आवडतं ते सुरू होतं, जरा दमाने वाचा.

पत्त्याऐवजी छापायचं काय? शून्य छापलं तर डीबगिंग करणारा मेला, कारण त्याला खरा पत्ता बऱ्याचदा नकोच असतो, त्याला एवढंच बघायचं असतं की वरच्या ओळीत दिसलेली वस्तू आणि खालच्या ओळीतली वस्तू एकच आहे का. मग पत्त्यात एखादा गुप्त आकडा मिळवून छापावं? म्हणजे गाडी अजून एकदा सरकवली, दोन डब्यांमधलं अंतर तसंच उघडं. एक्सॉर करावं, म्हणजे दोन आकड्यांचे बिट ताडून वेगळे तिथे १, सारखे तिथे ०? दोन छापलेल्या आकड्यांचा एक्सॉर घेतला की गुप्त आकडा आपोआप कटतो, आणि एक खरा पत्ता जरी कुठून कळला तरी गुप्त आकडाच हाती येतो. बरं, मग हॅश करू, म्हणजे पत्ता ठरलेल्या गणितातून घालून भलताच आकडा काढू, हॅश उलटा फिरवता येत नाही असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे भाचा खूश झाला, पण नुसत्या हॅशने इथे काही होत नाही! उलटा फिरवायची गरजच काय, जागाच ५१२ आहेत. सगळ्या ५१२ पत्त्यांचे हॅश आधीच काढून ठेवायचे आणि लॉगमधल्या आकड्याशी जुळवून बघायचे, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर. 'डेटा हॅश केलाय म्हणजे सेफ' असं जाहिरातीत वाचलं की मला हेच आठवतं, मोबाईल नंबर दहाच आकड्यांचा असतो, त्याचा साधा हॅश म्हणजे काचेची तिजोरी.

म्हणून हॅशमध्ये किल्ली घालायची. मशीन चालू झालं की कर्नल स्वतःसाठी १२८ बिटची एक रँडम किल्ली बनवतो, कुणाला सांगत नाही, आणि पत्ता अधिक किल्ली असा सिपहॅश नावाच्या फंक्शनमधून काढतो. सिपहॅश २०१२ मध्ये ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन या दोघांनी तयार केलं, छोट्या इनपुटवर झटपट चालावं म्हणूनच, आणि पॉइंटर तर फक्त ८ बाइटचा. किल्ली माहीत नसेल तर ५१२ काय आणि दोन काय, आधी हॅश काढून ठेवताच येत नाही. शिवाय ६४ बिट मशीनवर उत्तरातले ३२ बिटच दाखवतात, बाकी जागी शून्य. एकाच पत्त्याचा आकडा रीस्टार्ट होईपर्यंत तोच राहतो, त्यामुळे डीबगिंगवाल्याला वरची खालची ओळ जुळवता येते. आणि मशीन अगदीच नुकतं चालू होत असेल, किल्लीसाठी पुरेसा रँडमपणा गोळा झालेला नसेल, तर कर्नल तेवढा वेळ कंसात नुसतं पीटीआरव्हॅल छापतो, म्हणजे 'सांगतो, थांब जरा'. जानेवारी २०१८ च्या ४.१५ व्हर्जनपासून हे आलं. ज्याला खरंच खरा पत्ता छापायचाय त्याने 'पर्सेंट पी एक्स' असं मुद्दाम लिहायचं, म्हणजे कोड तपासणाऱ्याला ते शोधून विचारता येतं, का रे बाबा तुला कशाला हवाय?

पत्ते फुटायच्या वाटा अजून आहेत. एक वाट शेवच्या पुडीसारखी. दुकानदार शेव देतो, पण पुडीचा कागद कुणाच्यातरी लाईट बिलाचा असतो. कर्नल प्रोग्रामला माहितीचा साचा भरून देतो, त्यात १ बाइटचं काही आणि लगेच ८ बाइटचं काही असेल तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, मधे ७ बाइट रिकामे सोडतो, पण मेमरीत रिकामं असं काही नसतं, त्या जागी आधीच्या कामाचं उरलंसुरलं पडलेलं असतं आणि कधी ते नेमका कर्नलचा पत्ता असतो. उपाय सोपा, कागद कोरा घ्या. २०१९ मध्ये ५.३ मध्ये मेमरी देतानाच शून्याने भरायचा पर्याय आला. थोडा वेळ खातो, खाऊ दे.

दुसरी वाट प्रोसेसरची. तिथे छापायचीसुद्धा गरज नाही, नुसती वेळ मोजून कर्नल कुठे आहे याचा वास घेता येतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी २०१७ मध्ये यावर कैसर नावाचा उपाय मांडला, की साधा प्रोग्राम चालू असताना कर्नलचा जवळपास सगळा नकाशाच बाजूला काढून ठेवायचा. लगेच पुढे जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन बाहेर आलं, पत्तेच काय, कर्नलच्या मेमरीतला मजकूरच वाचता येत होता, आणि पत्त्यांसाठी काढलेला हा उपाय तिथे कामी आला. त्याच ४.१५ मध्ये तोही आहे.

हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला आमच्याकडे एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर दारातल्या लिंबू-मिरचीच्या बरोबर खाली 'अँटी-हॅकिंग स्टिकर' विकायला ठेवलेत, मागच्या कव्हरला चिकटवायचे, दीडशे रुपये. त्या दीडशेत दोघांची शेवभाजी होते. आणि फॅमिली ग्रुपवर येतं ते 'फोन रोज रात्री बंद करून चालू करा, हॅकर पळून जातो', त्यात मात्र चिमूटभर खरं आहे. हॅकर पळत नाही, पण गाडी नव्या जागी थांबते, हॅशची किल्ली बदलते, कालचा फुटलेला पत्ता आज रद्दी. आज परत फुटला तर आज परत तेच, एवढं ध्यानात ठेवून करा.

भाचा दुसऱ्या दिवशी सुरतकडच्या गाडीने अमळनेरला गेला. जाण्याआधी त्याला सांगितलं होतं की तीच फाईल सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने उघड, पत्ते दिसतील, एखाद्या फंक्शनचा वहीत लिही, रीस्टार्ट कर, परत लिही. रात्री वहीच्या मागच्या पानाचा फोटो आला. पत्ते सोळा अंकी पद्धतीत असतात, ० ते ९ नंतर ए ते एफ, त्यातले पुढचे सगळे एफ सोडून दिलेले, एका फंक्शनसमोर पहिल्यांदा ए३सी९४१३०, मग ९६६९४१३०, त्याखाली अजून दोन. खाली मेसेज, "मामा, शेवटला पाच आकडा बदलतसच नही."

मी फक्त '२ एमबी' एवढंच लिहून पाठवलं. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.