रांग मोठी केली आणि सर्व्हर आणखीच झोपला

एकदा आमचा सर्व्हर संध्याकाळ झाली की मान टाकायचा, म्हणून मी एक शहाणपणा केला, येणाऱ्या रिक्वेस्टची रांग १,००० वरून थेट १०,००० वर नेली. म्हटलं कुणाला परत पाठवायला नको, थांबतील जरा, सगळ्यांचा नंबर लागेल. झालं भलतंच. आधी निदान काही लोकांचं काम होत होतं, आता कुणाचंच होईना, आणि ग्राफ बघावा तर सर्व्हर जीव तोडून राबतोय!

या प्रकाराचं गणित कंप्युटरच्याही आधीचं आहे. एर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, एक्सचेंजला किती लाइनी ठेवल्या की लोकांचे कॉल फारसे अडणार नाहीत हे त्याला काढायचं होतं. १९०९ मध्ये त्याचा पहिला पेपर आला आणि क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित, तिथून सुरू झालं. टेलिफोनचा लोड आजही एर्लांगमध्येच मोजतात.

समजा एका रिक्वेस्टला सरासरी १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला १०० ही सर्व्हरची कुवत. आता सेकंदाला ५०च आल्या तर कुणाला थांबायची गरज नाही असं वाटतं ना? पण रिक्वेस्ट काही घड्याळ लावून येत नाहीत, कधी चार एकदम धडकतात, कधी बराच वेळ चिटपाखरू नाही, आणि तो फुकट गेलेला वेळ सर्व्हरला नंतरसाठी साठवून ठेवता येत नाही. सगळ्यात साधं मॉडेल घेतलं (रिक्वेस्टचं येणंही रँडम, लागणारा वेळही रँडम) तर हिशोब एवढाच, कामाच्या वेळेला सर्व्हरच्या रिकाम्या हिश्श्याने भागायचं, की थांबण्यासकट लागणारा एकूण सरासरी वेळ मिळतो. ५० टक्के लोडला २० मिलिसेकंद. ८० टक्क्यांना ५०. ९० ला १००, ९५ ला २०० आणि ९९ ला पूर्ण एक सेकंद! ९० वरून ९५ वर गेलो तर लोड जेमतेम वाढला पण वेळ दुप्पट झाला. त्यामुळे "अजून १० टक्के शिल्लक आहे की" असं कुणी म्हटलं की मला घाम फुटतो.

हे झालं कुवतीच्या आतलं. सेकंदाला १०५ यायला लागल्या तर दर सेकंदाला ५ मागे उरतात, १० मिनिटांत ३,००० साठतात आणि नव्याने येणाऱ्याला ३० सेकंद थांबावं लागतं. समोरच्या ॲपचा टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, १० सेकंदांचा असेल तर ते केव्हाच निघून गेलेलं असतं, सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही, तो बिचारा गेलेल्या माणसांची कामं इमानेइतबारे करत बसतो. वर ॲप पुन्हा तीच रिक्वेस्ट पाठवतं. प्रत्येक फसलेली रिक्वेस्ट तीनदा रिट्राय झाली तर लोड चौपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि मग मूळ गर्दी ओसरून सेकंदाला ९० वर आली तरी रिट्रायच सर्व्हरला डोकं वर काढू देत नाहीत.

मग करायचं काय? तर आधी ठरवायचं की जास्तीत जास्त किती वेळ लागलेला चालेल. जॉन लिटलने १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला, आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ. इतका साधा की याला सिद्धता कशाला असं वाटावं, पण रांग कशीही असली तरी, दीर्घकाळाच्या सरासरीत, तो लागू पडतो. सेकंदाला १०० आणि २०० मिलिसेकंद, म्हणजे आत फक्त २० रिक्वेस्ट. एकविसावी आली की तिला दारातूनच ५०३ (म्हणजे "आत्ता जमणार नाही" असा एरर) देऊन परत पाठवायचं. दारातूनच हं, आधी लॉगिन तपासून, डेटाबेसला विचारून मग नाही म्हणण्यात काही अर्थ नाही, काम तर होऊनच गेलं.

आता हा आकडा कायम बरोबर राहील असं नाही, कारण काही रिक्वेस्ट हलक्या असतात, काही जड. म्हणून लांबीपेक्षा रांगेत गेलेला वेळ मोजणं मला जास्त पटतं. २०१२ मध्ये राउटरसाठी आलेलं कोडेल नावाचं रांग आवरायचं तंत्र हेच करतं, १०० मिलिसेकंदभर थांबायचा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही तर पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टाकून द्यायला सुरुवात. कुणी कुणी ओव्हरलोडमध्ये रांग उलटी करतात, शेवटी आलेला आधी. अन्याय आहे खरा, पण शेवटी आलेला निदान अजून वाट बघत असतो. आणि रिट्राय करणाऱ्याने दर वेळी दुप्पट थांबायचं, त्यातही थोडा रँडमपणा घालून, नाहीतर सगळे पुन्हा एकाच क्षणी येऊन आदळतात.

१० मिलिसेकंदांचाच हिशोब धरला तर माझ्या त्या १०,००० च्या रांगेत शेवटच्याचा नंबर १०० सेकंदांनी लागणार होता. शेवटी ती रांग ४० वर आणली. एररचा ग्राफ लगेच वर गेला आणि टीममधले दोघं-तिघं धावत माझ्याकडे आले, त्यांना शेजारचा ग्राफ दाखवला, पूर्ण झालेल्या रिक्वेस्टचा, तोही वर गेला होता.