नकारात्मक अभिप्राय आणि सर्जनशीलता

एखाद्याच्या कामातील उणीव दाखवणारा शेरा म्हणजे नकारात्मक अभिप्राय. अशा शेऱ्याने नवे काही सुचण्याची क्षमता खुंटते की तिला धार येते, याचा अभ्यास मानसशास्त्र व व्यवस्थापनशास्त्रात होतो. उत्तर सरसकट नाही. टीका कशावर आहे, कोणाकडून आली आणि काम किती कच्चे असताना आली, यावर ते ठरते.

टीकेची नुसती चाहूलही परिणाम करते. टेरेसा अमाबिले यांच्या १९७९ मधील प्रयोगात विद्यार्थिनींना रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून चित्र करायला दिले होते. आपल्या चित्राचे परीक्षण होणार हे आधीच ठाऊक असलेल्यांची चित्रे कलावंत परीक्षकांना एकंदरीत कमी कल्पक वाटली. वाईट शब्द कोणी उच्चारलाही नव्हता! कोणी पारखणार म्हटले की हात सावध होतो आणि माणूस खात्रीच्या वाटेने जातो.

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाविषयीचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. ते एकूण कामगिरीविषयी होते, केवळ सर्जनाविषयी नव्हे. सरासरीने कामगिरी सुधारली, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती घसरली. त्यांच्या मते लक्ष कामावरून स्वतःवर गेले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. कवितेच्या वहीत ‘दुसऱ्या कडव्यात चित्र पुसट होते, तिथे पुन्हा पाहा’ असे लिहिले तर कवी त्या कडव्याकडे वळतो. ‘तुझ्यात ती प्रतिभाच नाही’ असे लिहिले तर वही मिटते. दुसऱ्या शेऱ्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नसते. तो स्पष्टवक्तेपणाच्या नावाखाली खपवणे हा अन्याय आहे.

टीका करणाऱ्याचे स्थानही महत्त्वाचे. यून जून किम आणि जुन्हा किम यांच्या २०२० मधील अभ्यासात वरिष्ठांकडून किंवा सहकाऱ्यांकडून आलेल्या टीकेने सर्जनशीलता घटली, तर हाताखालच्यांनी वरिष्ठांवर केलेल्या टीकेने त्या वरिष्ठांची सर्जनशीलता वाढली. ज्याच्या टीकेने पद धोक्यात येत नाही, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकता येते. वरिष्ठाच्या एका शेऱ्याचे वजन मात्र त्याला स्वतःला क्वचितच कळते.

म्हणून टीका टाळावी का? ॲलेक्स ऑसबॉर्न यांच्या ब्रेनस्टॉर्मिंग पद्धतीत, म्हणजे गटाने एकत्र बसून सुचेल ते मांडण्याच्या पद्धतीत, कल्पना मांडल्या जात असताना टीकेला मज्जाव असतो. पण शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील गटांवर केलेल्या प्रयोगात, एकमेकांच्या कल्पनांवर वाद घाला, टीका करा, असे सांगितलेल्या गटांना टीका टाळायला सांगितलेल्या गटांपेक्षा साधारणपणे अधिक कल्पना सुचल्या. तिथे वादाला सगळ्यांना सारखीच मुभा होती आणि निवाडा देणारा कोणी वर बसलेला नव्हता.