शनीचे कडे ओळखायला पन्नास वर्षे का लागली?

जुलै १६१०मध्ये पाडुआत गॅलिलिओने शनीकडे दुर्बीण वळवली, तेव्हा त्याला कडे दिसलेच नाही. जेमतेम वीसपट मोठे दाखवणाऱ्या त्या दुर्बिणीतून मधे एक मोठा गोल आणि दोन्ही बाजूंना त्याला टेकल्यासारखे दोन लहान गोल, असा तिहेरी ग्रह दिसला. गुरूचे उपग्रह सतत जागा बदलतात, हे त्याने त्याच वर्षी पाहिले होते. शनीचे हे सोबती मात्र हलत नव्हते. १६१२मध्ये तर ते दिसेनासेच झाले. शनीने आपलीच मुले गिळली की काय, असे त्याने पत्रात लिहिले. रोमन पुराणातला सॅटर्न हा देव तसे करतो. सोबती पुढे परतले, आणि १६१६च्या त्याच्या चित्रात भांड्याला असतात तसे दोन कान शनीला दिसतात. आज ते चित्र पाहिले की चुटपुट लागते, इतके ते उत्तराच्या जवळ आहे.

पुढच्या चाळीस वर्षांत दुर्बिणी सुधारल्या, तशी मतेही वाढली. डान्झिगचा खगोलशास्त्रज्ञ हेवेलियस याने लंबगोल शनीला दोन चंद्रकोरी जोडल्या. फ्रेंच गणितज्ञ रोबेर्व्हालच्या मते शनीच्या विषुववृत्तावरून वाफा उठत होत्या. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर रेनने ग्रहाला दोन ठिकाणी चिकटलेले पातळ लंबगोल वलय कल्पिले. अडचण सगळ्यांची एकच होती: आकार बदलतो आणि मधेच नाहीसा होतो, हे एका दमात समजावून सांगायचे कसे?

ते जमले डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सला. मार्च १६५५मध्ये त्याला शनीचा एक उपग्रह सापडला, आजचा टायटन. तो सुमारे १६ दिवसांत फेरी पूर्ण करतो. मग त्याच्याही आत, ग्रहालगत जे काही आहे ते आणखी वेगाने फिरत असणार. तरीही ते आठवडेच्या आठवडे तसेच दिसते, म्हणजे ते चहूबाजूंनी सारखेच असले पाहिजे! हे सुचले तेव्हा कडे आपल्याकडे धारेने वळलेले होते आणि दुर्बिणीत काहीच दिसत नव्हते. मला या साऱ्या कथेतले हे सर्वांत विलक्षण वाटते. १६५९मध्ये त्याने जाहीर केले: शनीभोवती पातळ, सपाट, ग्रहाला कुठेही न टेकणारे, तिरके कडे आहे. ते कधी रुंद दिसते, आणि त्याची धार आपल्याकडे वळली की दिसेनासे होते.

रोममध्ये ते पटले नाही. दुर्बिणी बनवणारा दिव्हिनी आणि जेझुइट पंडित फाब्री यांनी १६६०मध्ये प्रतिवाद केला: शनीमागे फिरणारे दोन काळे आणि दोन उजळ गोल हा भास घडवतात. वाद फ्लोरेन्सच्या राजपुत्र लिओपोल्दोकडे गेला. त्याच्या अकादमीने दोन्ही कल्पनांच्या प्रतिकृती बनवल्या, लांबवर ठेवल्या आणि कमी-अधिक ताकदीच्या दुर्बिणींतून पाहिल्या. वादाची काहीच कल्पना नसलेल्या माणसांनाही बोलावून दिसेल ते काढायला सांगितले. साध्या दुर्बिणीतून कडे असलेल्या प्रतिकृतीत थेट गॅलिलिओचे तीन गोल दिसले! हायगेन्सचे कडे मात्र बरेच जाड होते. ते खरोखर नाहीसे व्हायचे तर फार पातळ असायला हवे, हेही तिथेच लक्षात आले. १६६५मध्ये फाब्रीने हार मानली.

कडे अखंड आहे की तुकड्यांचे, हा प्रश्न शिल्लक राहिला. अखंड घन कडे टिकूच शकत नाही, हे १८५९मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने गणिताने दाखवले. १८९५मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेम्स कीलरने कड्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून त्याचा वेग मोजला. कड्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरत होता. सुट्या कणांखेरीज ते शक्य नव्हते.