सरकारी मदत काही तासांत दारात पोहोचते?

आपत्ती आली की काही तासांत सरकारची गाडी अन्नपाणी घेऊन दारात उभी राहील, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. मदतीला उशीर होतो, त्यात दर वेळी यंत्रणेचा आळस नसतो (कधी कधी असतोही). मोठ्या भूकंपात किंवा पुरात रस्ते, पूल, वीज, मोबाइल सगळं एकदमच कोलमडतं आणि मदत करणारे कर्मचारीही त्याच संकटात सापडलेले असतात. जी पथकं पोहोचतात ती आधी अडकलेल्यांकडे, जखमींकडे जातात. धडधाकट माणसाचा नंबर शेवटी लागतो, आणि तो तसाच लागायला हवा.

१९९५ च्या कोबे भूकंपात, जपानसारख्या सज्ज देशातही, ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हजारो लोक कित्येक दिवस सुटकेची वाट पाहत होते.

जपानमध्ये नागरिकांना किमान ३ दिवसांचा, शक्यतो आठवड्याचा साठा ठेवायला सांगतात: माणशी रोज ३ लिटर पाणी आणि न शिजवता खाता येईल असं अन्न. नेहमीची औषधं, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ हवाच. थोडी रोख रक्कमही ठेवा, कारण वीज गेली की एटीएम बंद.

भरपाईचंही तेच. सरकारी रक्कम सावरायला हातभार लावते, घर पूर्ववत करून देत नाही. ते काम विम्याचं. पण पॉलिसीत पूर आणि भूकंप धरलेत का, हे आजच वाचून घ्या.