कालवांची ढाल : शोधाची पार्श्वभूमी

खडकाला चिकटलेलं कालव, म्हणजे ऑयस्टर हा शिंपल्यातला जीव, अखंड समुद्राचं पाणी गाळत असतं. त्या पाण्याच्या एकेका मिलिलिटरमध्ये लाखांच्या घरात जिवाणू असतात, आणि आपल्यासारखी प्रतिपिंडं (रोगजंतूंना नेमकं धरणारी रक्तातली प्रथिनं) कालवाकडे नाहीत. तरी ते वर्षानुवर्षं जगतं.

1882 साली इटलीतल्या मेसिनात मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. काट्याभोवती पेशी गोळा झाल्या. त्यातून पुढे आलेल्या भक्षकपेशींच्या (जंतू गिळणाऱ्या पेशींच्या) सिद्धान्ताला 1908चं नोबेल मिळालं, आणि हाडं नसलेल्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती म्हणजे पेशी, हे समीकरण बराच काळ टिकलं. 1950 साली अमेरिकेत शास्त्रज्ञ स्टौबर यांनी कालवाच्या हृदयात (हो, कालवाला हृदय असतं!) काळी शाई टोचली. रक्तपेशींनी शाईचे कण गिळले आणि कातडीवाटे शरीराबाहेर नेऊन टाकले. इथेही पेशीच.

प्रथिनांकडे लक्ष वळलं ते बरंच उशिरा. 1981 साली एका पतंगाच्या रक्तात जिवाणू मारणारी सेक्रोपिन्स नावाची छोटी प्रथिनं सापडली. 1996 साली शिनाण्यांच्या (मसल या शिंपल्यांच्या) युरोपीय भाऊबंदांच्या रक्तात तशीच छोटी प्रथिनं मिळाली, तर कालवातलं डिफेन्सिन नावाचं असंच प्रथिन 2006 साली फ्रान्समध्ये उलगडलं. जिवाणूची भिंत ज्या कच्च्या मालातून उभी राहते, त्यालाच ते धरून ठेवतं, हे 2010 साली कळलं. पण त्याचा मारा चालतो मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाह्य आवरण नसलेल्या, जिवाणूंवर. कालवांना छळणारे व्हिब्रिओ जिवाणू दुसऱ्या, बाह्य आवरण असलेल्या गटातले. त्यांच्या बाह्य आवरणाला चिकटणारं वेगळं प्रथिन 2007 साली सापडलं.

या संशोधनामागे कुतूहल होतं, पण माझ्या मते खरा रेटा कालवांच्या शेतीतल्या नुकसानीचा. फ्रान्समधली पोर्तुगीज कालवं 1970च्या सुमारास विषाणूने जवळपास संपवली, म्हणून जपानहून पॅसिफिक कालवं आणली. 2008च्या उन्हाळ्यात त्यांचीही पिल्लं हर्पीस कुळातल्या विषाणूच्या एका नव्या रूपाने मरू लागली. काही ठिकाणी तर जवळजवळ सगळीच.

2012 साली या पॅसिफिक कालवाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे 28,000 जनुकं. रोगजंतू ओळखणारे टोल रिसेप्टर माणसात 10, इथे 80हून अधिक. एवढा शस्त्रसाठा असून पिल्लं मरतात कशी? 2018 साली उत्तर मिळालं: विषाणू आधी रक्तपेशींनाच गाठतो, तिथली जिवाणूनाशक प्रथिनं बनणं थांबतं, आणि मग एरवी निमूट राहणारे जिवाणू कालवाला संपवतात.