दवाखान्यातला एनिमा आणि कॉफीचा एनिमा

मी सोलापुरात परिचारिका आहे. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, “अगं, ऑपरेशनच्या आधी तुम्ही देता तोच ना हा? फक्त कॉफीचा?” त्यांच्या सुनेनं मोबाइलवर व्हिडिओ बघून एनिमाचं, म्हणजे गुदद्वारातून नळीनं आतड्यात पाणी सोडायचं, भांडं मागवलं होतं. मी म्हटलं, नाही काकू, नळी तेवढी सारखी.

दवाखान्यातला एनिमा कामापुरता असतो. मळाचा खडा झालाय किंवा तपासणीआधी आतडं मोकळं करायचंय, म्हणून बहुतेकदा एकदाच देतात. सलाइन वापरलं तर त्यात लिटरला १५४ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) सोडियम असतं, रक्तात १३५ ते १४५. म्हणजे आत जाणारं पाणी रक्ताच्या जवळपास तेवढंच खारट. तोही अगदी निर्धोक नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला फॉस्फेटचा एनिमा दिला, तर रक्तात फॉस्फेट चढून कॅल्शियम उतरू शकतं. म्हणून आधी आजार आणि गोळ्या विचारतात.

कॉफीचा एनिमा देतात तो ‘शरीरातलं विष काढायला’. मॅक्स गेर्सन या जर्मन डॉक्टरानं गेल्या शतकात कॅन्सरवरच्या आपल्या आहारपद्धतीत तो घेतला आणि तिथून तो पसरला. त्या पद्धतीत तो दिवसातून अनेक वेळा घेतात, आणि खरी भीती इथेच आहे.

मोठं आतडं पाणी आणि सोडियम शोषून घेतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. कॉफीच्या पाण्यात सोडियम जवळजवळ नसतंच. ते आत धरून ठेवलं की पाणी रक्तात उतरतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. दर खेपेला थोडं पोटॅशियमही वाहून जातं. सोडियम झपाट्यानं उतरलं की मेंदूला सूज येते: डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलतो, पुढे फिट येते. रक्तातलं पोटॅशियम लिटरला ३.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या खाली घसरलं की पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय गळतात, आणि फारच उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. १९८० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये अशा एनिमांशी जोडलेल्या दोन मृत्यूंची नोंद आली होती, त्यात क्षारांचं हेच बिघडलेलं गणित होतं. गुदाशय भाजणं, आतड्याला सूज, जंतुसंसर्ग हे आणखी वेगळे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या एनिमाचा प्रचार करणाऱ्यांच्या एका वाक्याची: “डोकं दुखतंय, गळून गेल्यासारखं होतंय? म्हणजे विष बाहेर पडतंय, चालू ठेवा.” अहो, ती तर सोडियम उतरल्याची खूण! ज्या क्षणी थांबायचं, त्याच क्षणी हे लोक पुढचा एनिमा घ्यायला सांगतात. सुरुवातीला तरतरी वाटते, ती रक्तात उतरलेल्या कॅफिनची असू शकते. विषाचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतच असतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. कारखान्यात मागावर उभा असलेला माणूस आधीच घामातून मीठ घालवून बसलेला. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर सोडियम-पोटॅशियम अगोदरच काठावर असतं. अशांनी हा प्रयोग अजिबात करू नये.

कॅन्सर बरा होईल या आशेनं कुणी याकडे वळत असेल तर एवढं ऐका. २०१० मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात केमोथेरपी घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४ महिने होतं आणि कॉफीचे एनिमा असलेला पर्यायी उपचार घेणाऱ्यांचं ४.३ महिने. उपचार रुग्णांनी स्वतः निवडले होते, म्हणून तुलना अगदी काटेकोर नाही, तरी एवढा फरक मला विसरता येत नाही.

काकूंनी शेवटी विचारलं, “तिनं दोनदा घेतलाय गं, आता काय करू?” मी सांगितलं, तो बंद करा. चक्कर, गोंधळलेपण, धडधड, फिट यांतलं काहीही दिसलं तर घरी मीठ-पाणी पाजत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. एनिमा घेतल्याचं डॉक्टरांना न लाजता सांगा, म्हणजे सोडियम-पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी लगेच होईल.